राजाच्या तोंडात बोळा

“गप्प बस! राजा बोलतोय!”

किती वर्षं झाली, पण अंधारातून आलेला हा आवाज डॉक्टरीणबाईंच्या कानात अजून ताजा आहे. आवाज आईचा, आणि आवाजाच्या पाठोपाठ दंडाला एक चिमटा. तेव्हा त्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. खुर्चीवर बसलं की पाय लोंबकळणारी, पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून पडदा बघणारी पोर होत्या. पडद्यावर राजा सिंहासनावर बसला होता. नाच झाला, दूत आला, फितुरी झाली, राणी रुसली, पुन्हा नाच झाला. राजा काही जागचा हलला नव्हता. मग त्यानं तलवारीच्या मुठीवर हात ठेवला, तोंड उघडलं, अख्ख्या थिएटरनं श्वास रोखला आणि नेमक्या त्या शांततेत हिनं खणखणीत विचारलं होतं, “आई, राजाला शू नाही का गं लागत?”

मागच्या रांगांनी रागानं ‘शूऽऽ’ केलं. ते ऐकून पुढच्या रांगा जास्तच हसल्या. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. चिमट्याचा वळ संध्याकाळपर्यंत विरला. प्रश्न काही विरला नाही.

मोठेपणी त्यांनी दातांचा दवाखाना काढला. ह्या दोन गोष्टींचा काय संबंध, असं कुणी विचारेल. आपण बोलावं आणि समोरच्यानं आ वासून ऐकावं, मध्ये एक अक्षर बोलू नये, असा दुसरा धंदा कुणाला माहीत असेल तर त्यानं सांगावा.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, वाट बघणाऱ्यांसाठी, भिंतीवर टीव्ही होता. आतल्या खोलीचं दार किलकिलं असे. एका दाढेतून मान वर करून दुसऱ्या दाढेत घालेपर्यंत जेवढा पिक्चर डोळ्यांना सापडेल, तेवढा डॉक्टरीणबाई बघत. एकाही पिक्चरची सुरुवात त्यांनी पाहिली नव्हती. शेवट पाहिला तो एकदाच, वीज गेल्यामुळे पेशंट खोळंबला होता तेव्हा. हो, टीव्ही मात्र इन्व्हर्टरवर होता.

“अख्खा न बघता मत कसं देता हो तुम्ही?” असं कुणी म्हटलंच, तर त्यांचं उत्तर तयार असे. “दाढ किडलीय हे सांगायला मी तुमची पावलं तपासते का?”

आणि मतं होती. पोशाखी पिक्चरबद्दल तर फारच होती. म्हणजे ज्यात सगळे भरजरी घालतात, चांगल्या घरातली माणसं भिंतीशी बोलतात आणि संकट आलं की गातात, असे पिक्चर. शत्रू वेशीवर उभा आहे आणि राणी गाणं म्हणतेय. बरं, शत्रूही इतका सभ्य, की तिसरं कडवं संपेपर्यंत आत येत नाही! राणी झोपतेही दागिन्यांसकट. कानातलं उशीत अडकून ती कधी ओरडली, असं दाखवलेलं नाही. कुणी ‘पाणी दे’ म्हणत नाही. आधी आभाळ, मग धरती, मग स्वतःचा घसा, असं फिरून फिरून माणूस पाण्याशी येतो, तोवर मरायला टेकतो. आणि दात! झोपडीतली बोळकी म्हातारीसुद्धा हसली की बत्तीसच्या बत्तीस मोत्यांसारखे. “त्या काळात माझ्यासारखी असती ना,” डॉक्टरीणबाई म्हणत, “तर निम्मं सैन्य माझ्या दारात गाल धरून बसलं असतं. लढायला कोण जाणार होतं?”

हे सगळं मुकाट्यानं ऐकावं लागे ते त्यांच्या मदतनीस मुलीला. दिवसभर ‘चिमटी दे, चिमटी दे’ ऐकून ऐकून पेशंटही तिला चिमटीताई म्हणायला लागले होते. चिमटी पिक्चरवेडी. त्या दिवसांत राजाचा एक गाण्याबिण्यांचा पिक्चर सगळीकडे धो धो चालला होता, आणि चिमटीच्या ओठांवर सदा त्यातलंच गाणं.

‘चढ चढतो डोंगर, ऊन मागे राहिलं,
माझ्या पावलांचं ओझं कुण्या दगडानं साहिलं...’

“चढ चढताना?” डॉक्टरीणबाई हातमोजे ओढत म्हणत. “मी दोन जिने चढून इथं येते तर ‘किल्ली दे’ म्हणायला श्वास उरत नाही. हा बाबा चिलखत घालून तीन कडवी म्हणतो!”

“मॅडम, तो राजा आहे.”

“राजाला फुप्फुसं नसतात?”

ह्या पिक्चरमधल्या एका प्रसंगावरून तर जग एकीकडे आणि डॉक्टरीणबाई दुसरीकडे होत्या. जळालेल्या राजधानीकडे बघत राजा तटावर उभा आहे. एक शब्द बोलत नाही. जबडा आवळलेला, कपाळावर शीर तटतटलेली, एक गुडघा किंचित दुसऱ्याकडे झुकलेला. आणि डोळ्यांतून एकच थेंब. लोक हुंदके देत बाहेर पडत होते. त्या नटाला त्याच थेंबासाठी मोठं बक्षीस मिळालं होतं. टीव्हीवर तो तुकडा उठता बसता लागे. डॉक्टरीणबाईंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या हातात गुरगुरतं ड्रिल होतं. त्यांनी ते बंद केलं, पडद्याकडे टक लावून पाहिलं आणि निदान सांगितलं.

“ह्याला जायचंय.”

“कुठं, मॅडम? लढायला?” चिमटीनं डोळे पुसत विचारलं.

“करंगळी वर करून जातात तिकडं. मी रोज दुखणारे चेहरे बघते. हे राज्याचं दुःख नाही, पोटाच्या खालचं आहे. सोडा रे त्याला कुणीतरी!”

चिमटी त्या दिवशी जेवलीसुद्धा वेगळी बसून.

तर ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या लेकीनं त्यांना स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. संध्याकाळी तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी जेवायला यायचे होते.

“आई, एक वचन दे. आज पिक्चर हा विषय काढायचा नाही.”

“काढीन कशाला? मला काय दुसरे विषय नाहीत?”

“दात हाही नको.”

“मग काय, मुक्यानं वाढायचं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बरं, मुलाचे वडील करतात काय नेमकं? तू सांगतच नाहीस धड.”

“सांगितलं की. कलेत आहेत.”

“कलेत म्हणजे?”

“म्हणजे... कलेत.”

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांपुढे झोळी अडकवलेला, बोटांना रंग लागलेला एक सज्जन माणूस उभा राहिला. लेकीनं तो तसाच उभा राहू दिला. तिचंही चुकलं म्हणता येणार नाही. मागे तिच्या साहेबांच्या घरी आईनं राणीच्या खिडकीवर मत दिलं होतं. राणीला खिडकीत उभं राहण्याखेरीज काम नाही, तिला कुणीतरी नोकरी लावा, असं. आणि साहेबांच्या बायकोनं नेमका त्या खिडकीच्या गाण्यावरच नाच बसवला होता, दाखवायला म्हणून ती कपडे बदलून बाहेर आली होती. साहेब अजून लेकीशी फक्त कामापुरतं बोलत.

“आई,” लेक आता हळू आवाजात म्हणाली, “मला हा मुलगा हवाय गं. मनापासून हवाय.”

डॉक्टरीणबाईंचा हात आपोआप तिच्या गालावर गेला. लहानपणी दुधाचा दात पडला की जायचा, तसाच. “बरं बाई. तोंडाला कुलूप.”

“किल्ली माझ्याकडे.”

“घे.”

दुपारी दवाखान्यात एक गृहस्थ आले. डोकं तुळतुळीत, गाल गुळगुळीत, हातात रुमालाची पुरचुंडी. आत आले ते अगदी घरच्यासारखे हसत, आणि हसताना बाजूच्या एका दाताच्या जागी नुसता खुंट दिसला.

“नमस्कार! मी—”

“कॅप निघाली?”

“हो ना. पण त्याआधी, मी—”

“खाताना निघाली?”

“खाताना. खरं म्हणजे मी इथं—”

“खरं म्हणजे सगळ्यांची खातानाच निघते. बसा. मागे टेका. आ करा.”

गृहस्थांनी आ केला, आणि इथंच सगळं बिघडलं. हे गृहस्थ म्हणजेच ते ‘कलेत’ असलेले. मुलाचे वडील. एवढंच नाही, तर डोक्यावर केस, गालांवर दाढी आणि अंगावर चिलखत चढवलं की हेच ते तटावर उभे राहून एक थेंब ढाळणारे राजे. जेवताना कॅप निघाली, तेव्हा मुलगा भाबडेपणानं म्हणाला होता, “अहो बाबा, तिची आईच दातांची डॉक्टर आहे की! जाऊन या. कामही होईल, ओळखही होईल.” काम व्हायला लागलं. ओळख आ केलेल्या तोंडात अडकून बसली.

चिमटीनं त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. पण मुकुट काढलेला राजा प्रजेला कुठं ओळखू येतो?

“हे बघा,” डॉक्टरीणबाई दिवा ओढून घेत म्हणाल्या, “कॅप शाबूत आहे. खुंट साफ करते आणि सिमेंट लावून बसवून देते. भूल द्यायचीही गरज नाही. दुखलंच तर बोलू नका, डावा हात वर करा. कळलं?”

“अं,” गृहस्थ म्हणाले.

बाहेर टीव्हीवर नेमका तोच पिक्चर दाखवत होते. दाराच्या फटीतून राजा डोंगर चढू लागला. डॉक्टरीणबाईंच्या हातांना त्यांचं काम पाठ होतं; जीभ मोकळीच होती.

“आता बघा, हा गाणार. तुम्ही पाहिलात का हो हा पिक्चर?”

“अं! अं!”

“मी नाही पाहिला. म्हणजे पाहिलाय, पण असाच. आता ह्या राजाचंच घ्या. अंगावर एवढं लोखंड, आणि चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. शेल्याला एक चुणी नाही. रात्री छावणीत इस्त्री कोण करतं?”

गृहस्थांचा डावा हात वर आला.

“दुखलं?” डॉक्टरीणबाई लगेच थांबल्या. त्या फटकळ होत्या, पण पेशंटला दुखवणाऱ्यातल्या नव्हत्या. “अगंबाई. खुंट फारच नाजूक दिसतोय. चिमटी, भुलीचं इंजेक्शन दे.”

गृहस्थांनी जोरजोरात मान हलवली. सुईला भिऊन सगळेच हलवतात, त्यामुळे तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. सुई टोचली. डावा ओठ हळूहळू दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा झाला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. हातात काम असताना डॉक्टरीणबाई फोन घेत नसत, चिमटीनं घेतला. पलीकडे लेक. होणाऱ्या नवऱ्यानं तिला कौतुकानं आत्ताच सांगितलं होतं, की बाबा तुझ्या आईकडेच गेलेत. ऑफिसचा जिना उतरता उतरता ती फोनवर ओरडत होती.

“ते आलेत का गं तिथं? टकलू? कॅप निघालेले?”

“हो, ताई. खुर्चीतच आहेत.”

“देवा! बोलू देऊ नकोस! मी निघालेय, पोचतेच. तोवर अजिबात बोलू देऊ नकोस! काय वाटेल ते कर, पण बोलू देऊ—” आणि जिन्याच्या वळणावर फोन तुटला.

आता आपल्या भाषेची ही जुनीच खोड. कर्माला मागे ठेवून क्रियापद पुढं पळतं. कुणाला बोलू द्यायचं नाही, ते लेकीच्या मनात होतं. ओठांवर आलंच नव्हतं. चिमटीच्या मनात डॉक्टरीणबाईंना गप्प बसवण्याचा विचार येणं शक्यच नव्हतं. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? तिनं उरलेल्या माणसाकडे पाहिलं.

ती मॅडमच्या कानाशी लागली. “ताईंचा फोन होता. म्हणाल्या, ह्यांना अजिबात बोलू देऊ नका. काय वाटेल ते करा.”

“ह्यांना?” डॉक्टरीणबाईंनी खाली पाहिलं. गृहस्थ वाकड्या ओठांनी काहीतरी सांगायची धडपड करत होते. “ओळखीचे दिसतात तिच्या. का गं? काय भानगड आहे?”

“ते नाही सांगितलं. पण फार घाबरल्या होत्या.”

डॉक्टरीणबाई सावध झाल्या. विमा विकणारे असतील. किंवा लेकीच्या साहेबांपैकी कुणी. गालाच्या आत एक आणि जिभेखाली एक, असे दोन कापसाचे बोळे त्यांनी खोचले, थुंकी ओढायची नळी ओठात अडकवली आणि मायेनं म्हणाल्या, “तुम्ही काही बोलायचं नाही बरं का. नुसतं ऐकायचं.”

आणि नेमका बाहेर तो प्रसंग लागला.

“हं, हा बघा!” आरशासकट हात त्यांनी दाराकडे केला. “ह्याच्यापायी आमच्या ह्या पोरीनं माझ्याशी अबोला धरला होता. सगळं जग म्हणतं, राजा रडतोय. मी म्हणते, अरे माणसाच्या चेहऱ्याकडे बघा की! जबडा बघा. गुडघा बघा. कपाळावरची शीर बघा. देश जळताना माणूस असा उभा राहत नाही हो. माणूस असा उभा राहतो, तेव्हा त्याला—”

गृहस्थांचा डावा हात ताडकन वर गेला. नुसता वर नाही, हवेत गदागदा हलू लागला. डोळे मोठे झाले. पाय खुर्चीवरून उचलले गेले.

“अगंबाई, फारच कळ आली! चिमटी, अजून एक!”

दुसऱ्या सुईनं उरलेली जीभही गेली. आता गृहस्थांच्या ताब्यात उजवी भुवई तेवढी राहिली होती. ते ती पुन्हा पुन्हा उडवत होते.

मात्र कॅप बसली ती झकास. डॉक्टरीणबाईंनी सिमेंट भरलं, टोपण डबीवर बसावं तशी ती खुंटावर बसवली आणि वर कापसाची गुंडाळी ठेवून म्हणाल्या, “आता दात आवळून धरा. सिमेंट सुकेपर्यंत तोंड उघडलंत तर माझी जबाबदारी नाही.”

तोंड मिटलं. ओठ मेलेले, जीभ झोपलेली, दातांवर पहारा. गळ्यावर मात्र कुणी सुई टोचली नव्हती. गृहस्थांनी डोळे मिटले आणि मिटल्या तोंडानं, खोल छातीतून, ते गुणगुणू लागले.

चढ चढतो डोंगर... शब्द नव्हतेच, पण सूर असा, की जात्यातून पीठ झरावं तसा सावकाश झरत होता. बाहेर गालाला फडकं बांधून बसलेल्या म्हातारबाबांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर तर जाहिरात चालू होती.

“अहो, गुणगुणू नका, सिमेंट हलेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांचेही हात क्षणभर थांबले. “गळा गोड आहे हो तुमचा. पण बघा, खुर्चीवर आडवे पडलात म्हणून जमतंय. डोंगर चढताना—”

धाडकन आवाज झाला. चिमटीच्या हातातला ट्रे खाली पडला होता. चिमट्या, आरसे, सुया जमिनीवर नाचत होत्या आणि ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

“म-मॅडम,” ती म्हणाली. “मॅडम, हे राजे आहेत.”

“कुठले राजे?”

चिमटीनं बोट आधी टीव्हीकडे केलं, मग खुर्चीकडे. “ते. हे. तेच हे.”

आणि त्याच क्षणी दार उघडून, केस विस्कटलेली, धापा टाकणारी लेक आत आली. तिनं खुर्चीतला वाकडा ओठ पाहिला, नळी पाहिली, बोळे पाहिले आणि मटकन स्टुलावर बसली.

“आई! काय केलंस हे?”

“कॅप बसवली. अगं, तूच म्हणालीस ना, ह्यांना बोलू देऊ नका?”

“ह्यांना नाही गं! तुला! तुला बोलू देऊ नका म्हणाले होते! हे त्याचे बाबा आहेत!”

डॉक्टरीणबाईंनी नळीची घरघर हळूच बंद केली. मनातल्या मनात त्यांनी झोळीवाल्या चित्रकाराला निरोप दिला. घाम, इस्त्री, गुडघा... आपण काय काय बोललो ते एकेक करून आठवून आलं, आणि प्रत्येक गोष्टीपाशी वर झालेला डावा हातही आठवला.

चिमटीनं दोन्ही हातांनी बोळे काढले, जणू फुलंच उचलत होती. गृहस्थ उठून बसले. तोंड उघडलं. “आ... आई... ओई...”

“‘लढाई होती’ म्हणतायत!” चिमटी पुटपुटली.

गृहस्थांनी मान हलवली. नाही. “आअई... ओई!”

“‘घाई होती’ का, काका?” लेकीनं विचारलं.

तेही अगदीच चूक नाही, अशा अर्थानं त्यांनी हात हलवला. मग पुन्हा प्रयत्न केला, मान जोरात हलवली, आणि लेकीचा चेहरा उतरला. “‘नाही’ म्हणतायत,” ती म्हणाली. “‘नाही होणार’ म्हणतायत.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मात्र खरंखुरं, दोन्ही डोळ्यांत. आणि ते बघायला थिएटरची गरज नव्हती.

सगळे बाहेरच्या खोलीत येऊन बसले. म्हातारबाबांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, पण ते म्हणाले, “थांबतो की. माझं दुखायचं थांबलंय.” आणि ते खुर्ची पुढं ओढून बसले. भूल उतरायची वाट बघण्याखेरीज कुणालाच काम नव्हतं.

“आई,” लेक आईच्या कानाशी कुजबुजली, “एकदाच. माझ्यासाठी. पिक्चर आवडला म्हण.”

डॉक्टरीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. खुर्चीतल्या पाहुण्याकडे पाहिलं. घसा खाकरला. त्या मनापासून प्रयत्न करत होत्या, हे कुणालाही दिसलं असतं.

“पिक्चर...” त्या म्हणाल्या. “पिक्चरमधले... घोडे चांगले होते.”

“आई!”

“खरंच चांगले होते. त्यांचे दातही खरे होते.” मग त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि सरळ पाहुण्यांकडे वळल्या. “हे बघा, तुम्हाला सुया टोचल्या, बोळे कोंबले, त्याची माफी मागते. दहादा मागते. पण मताची नाही मागणार. मी ह्या पोरीसाठी काय वाटेल ते करीन. पण जे दिसलं ते दिसलं नाही, असं म्हणणं मला जमत नाही. लहानपणी चिमटा बसला तरी जमलं नाही. आणि खरं सांगू? उद्या ही तुमच्या घरी आली आणि तिला तिथं काही दिसलं, तर तिनंही ते गिळून बसावं असं मला वाटत नाही. तसं गिळणारी सून हवी असेल, तर आत्ताच सांगा. मान हलवूनच सांगा, बोलू नका, सिमेंट ओलं असेल.”

गृहस्थांनी मान हलवली नाही. ते उजवी भुवई उंच करून त्यांच्याकडे बघत राहिले.

“आणि त्या राणीला खिडकीतून हलवायला हवं होतं,” डॉक्टरीणबाईंनी जाता जाता घालून टाकलं. “आता बिघडलंच आहे, तर हेही म्हणते.”

ऊन खिडकीतून सरकत टीव्हीच्या खाली आलं. गृहस्थ मधूनमधून बोटानं ओठ दाबून बघत होते. आधी ओठ परत आला, मग जिभेचं टोक. मग पडद्यावर पुन्हा तटावरचा राजा आला. जबडा आवळलेला, शीर तटतटलेली, गुडघा झुकलेला. गृहस्थांनी पडद्यावरच्या स्वतःकडे बराच वेळ पाहिलं आणि डावा हात वर केला.

“काका,” लेक घाईनं म्हणाली, “आईच्या वतीनं मी तुमची—”

“गप्प बस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “राजा बोलतोय.”

आवाज इतका थेट आईसारखा निघाला, की त्यांनाच दचकायला झालं.

“मला तिथं उभं केलं पहाटे,” राजा म्हणाला. शब्द अजून एका बाजूला घसरत होते, पण कळत होते. “आतून अंगरख्याचे बंद. बंदांवर पट्टे. पट्ट्यांवर चिलखत. सगळं पाठीमागून आवळलेलं. सोडायला माणसं लागायची, आणि ती गेली होती जेवायला. दिग्दर्शक खालून ओरडले, ढग काय सुरेख आलेत, हलू नका! मी हललो नाही. त्यांनी कॅमेरा जवळ आणला. आणखी जवळ आणला.”

चिमटीनं तोंडावर हात ठेवला.

“बक्षीस घेताना मी भाषणात म्हणालो, जळालेल्या मातीचं दुःख आठवलं. लोक उभे राहिले. बायकोनं विचारलं, तिलाही तेच सांगितलं. मग काय, तेच सांगत राहिलो. आज इथं आडवा पडलोय, आणि कुणीतरी फटीतून एकदा बघून अचूक सांगतंय. मी हात वर करकरून ‘बरोबर, बरोबर’ म्हणतोय, तर तुम्ही सुया टोचताय!”

म्हातारबाबांनी हात लांब करून टीव्हीचा आवाज बंद केला. राजानं खिशातून रुमाल काढला, ओठांच्या बधिर कोपऱ्यातून ओघळलेली लाळ पुसली आणि आजूबाजूला कुणी परकं नाही ना, असं एकदा बघून घेतलं.

“विहीणबाई,” तो म्हणाला, “मला लागली होती. फार लागली होती.”